भरायची तारीख, फिरवायची तारीख: निवृत्तीच्या पैशांवर तुमचे प्रश्न

डिसेंबर लागला की पत्रांचा सूर बदलतो. वर्षभर "किती टाकू, कुठं टाकू" विचारणारी मंडळी आता "अजून वेळ आहे का हो?" असं विचारायला लागतात. या वेळी कोरेगाव, कराड, शिरवळ, मिरज, सांगली सगळीकडून आलेल्या प्रश्नांत तारखेचाच घोळ आहे. एक प्रश्न थेट अमेरिकेतल्या खात्याचा आलाय, तो मुद्दाम सविस्तर घेतलाय कारण आता आपल्याकडं बऱ्याच घरातलं एखादं पोरगं तिकडं असतंय आणि त्यांच्या तारखा आपल्यापेक्षा एकदम वेगळ्या आहेत. खाली दिलेले दर, मर्यादा आणि नियम डिसेंबर २०२५ चे आहेत, एवढं लक्षात ठेवून वाचा.

माझं पीपीएफ खातं ऑगस्ट २००९ मध्ये उघडलंय. पंधरा वर्षं झाली म्हणून बँकेत विचारलं तर काउंटरवर सांगितलं, चालू ठेवा की, काही करायला लागत नाही. मग मी एप्रिलमध्ये दीड लाख भरून टाकले. आता शाळेतली मैत्रीण म्हणतीय फॉर्म दिला नसशील तर त्या पैशाला व्याजच नाही. खरं आहे का?
– एक शिक्षिका, कोरेगाव

ताई, मैत्रीण बरोबर सांगतीय, पण वेळ अजून तुमच्या हातात आहे, घाबरू नका. आधी हिशोब बघा. पंधरा वर्षं खातं उघडलेल्या दिवसापासून मोजत नाहीत, ज्या आर्थिक वर्षात उघडलं ते वर्ष संपलं की तिथून मोजतात. तुमचं ऑगस्ट २००९ चं, म्हणजे ते वर्ष संपलं ३१ मार्च २०१० ला, त्यात पंधरा मिळवा, ३१ मार्च २०२५. म्हणजे ऑगस्ट २०२४ ला नाही तर या मार्चअखेर तुमची मुदत संपली आणि तिथून पुढं एक वर्षाच्या आत फॉर्म ४ द्यायचा असतो. तुमची शेवटची तारीख ३१ मार्च २०२६. पूर्वी याच कामाला फॉर्म एच असायचा, २०१९ ची नवीन योजना आली तेव्हापासून फॉर्म ४ आहे, त्यामुळं कुणी जुनं नाव सांगितलं तर गोंधळू नका.

हा फॉर्म न देता मुदतीनंतर भरलेल्या पैशाला व्याज मिळत नाही आणि कलम ८०-सी ची सवलतही मिळत नाही. तुम्ही एप्रिलमध्ये दीड लाख भरलेत, तेव्हा मार्चच्या शेवटच्या आठवड्याची वाट कशाला बघायची, याच आठवड्यात जाऊन फॉर्म द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का मारून पोच घ्या. तोंडी "करतो मॅडम" यावर उठून येऊ नका. पुढं काही वाद झालाच तर ती पोच हाच तुमचा पुरावा.

आता खरा निर्णय पुढं आहे. पुढची पाच वर्षं पैसे भरत चालू ठेवायचं की न भरता? भरत ठेवलं तर मुदत संपताना जी शिल्लक होती तिच्या ६० टक्क्यांपर्यंतच रक्कम त्या पाच वर्षांत काढता येते, तेही वर्षातून एकदाच. समजा ४० लाख असतील तर पाच वर्षांत मिळून २४ लाख. न भरता ठेवलं तर शिल्लक रकमेला व्याज चालूच राहतं आणि वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते, ६० टक्क्यांची अट नाही, त्याला फॉर्मही लागत नाही. पण एक वर्ष न भरता गेलं की परत भरायच्या गटात येता येत नाही. माझं मत विचाराल तर दोन-तीन वर्षांत मुलीचं शिक्षण, घराचं काम असा मोठा खर्च दिसत असेल तर न भरता ठेवा, नसेल तर भरत राहा. ७.१ टक्के आणि व्याज पूर्ण टॅक्स-फ्री, असं सरकारी खातं सहजासहजी मिळत नाही.

पीपीएफ दर महिन्याला १२,५०० भरतो. मुलगा म्हणतो एप्रिलमध्ये एकदम भरा. काय फरक पडतो?
– हळदीचे व्यापारी, मार्केट यार्ड, सांगली

फरक पडतो, आणि आकडाच सांगते. पीपीएफचं व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर धरतात. ५ एप्रिलच्या आत दीड लाख भरले तर ७.१ टक्क्यांनी वर्षाचं व्याज १०,६५० रुपये. तेच दरमहा १२,५०० असे प्रत्येक महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरले तर त्या वर्षीच्या भरण्यावर साधारण ५,७६९ रुपये. आणि दर महिन्याला १० तारखेला भरत असाल तर ४,८८१ रुपये, म्हणजे पाच दिवसांच्या उशिरानं बारा वेळा एकेक महिन्याचं व्याज सोडताय. ३१ मार्चला एकदम भरणाऱ्याला त्या वर्षीच्या भरण्यावर एक रुपयाही मिळत नाही.

पण भाऊ, तुमचा धंदा हळदीचा, सीझनला भांडवल मालात अडकलेलं असतं. पाच हजारांच्या व्याजासाठी कॅश क्रेडिटमधून पैसे उचलून पीपीएफमध्ये टाकू नका, बँकेचं व्याज त्याच्यापेक्षा जास्त बसेल. मोकळे पैसे असतील तर एप्रिलमध्ये भरा, नसतील तर दरमहा भरा पण ५ तारखेच्या आत. आणि येत्या वर्षीची एक गोष्ट कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. ५ एप्रिल २०२६ ला रविवार आहे, ३ तारखेला गुड फ्रायडे, १ तारखेला बँकांचं वार्षिक क्लोजिंग. शाखेत जाऊन भरणाऱ्याला २ तारखेचा गुरुवार आणि ४ तारखेचा शनिवार एवढेच दोन दिवस. चेकनं भरणार असाल तर चेक दिलेली तारीख धरत नाहीत, वटलेली तारीख धरतात, म्हणून दुसऱ्या बँकेचा चेक असेल तर त्या आठवड्यात देऊच नका, ऑनलाइन वळते करा.

मुलगा ऑस्टिनला असतो, आधी कॅलिफोर्नियात होता. जुन्या कंपनीच्या ४०१-के चे ६३ हजार डॉलर त्यानं आयआरए खात्यात आणून ठेवलेत. पगार जास्त आहे म्हणून रॉथमध्ये सरळ भरता येत नाही, तर आधी साध्या आयआरएमध्ये ७ हजार भरून ते रॉथमध्ये फिरवायचं म्हणतोय. तो म्हणतो ३१ डिसेंबर शेवटची तारीख, सूनबाई म्हणतात १५ एप्रिलपर्यंत वेळ आहे. दोन वर्षांनी दोघं सांगलीला परत यायचं म्हणतायत. कोण बरोबर?
– निवृत्त प्राध्यापक, विश्रामबाग, सांगली

सर, दोघंही बरोबर आहेत, पण दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. बाकीच्या वाचकांसाठी आधी शब्द सांगते. ४०१-के म्हणजे तिकडचं कंपनीमार्फतचं निवृत्ती खातं, आयआरए म्हणजे माणसानं स्वतः उघडलेलं निवृत्ती खातं. साध्या आयआरएतून काढताना टॅक्स लागतो, रॉथमध्ये टॅक्स भरलेले पैसे जातात आणि नंतर काढताना टॅक्स नसतो. साध्यातून रॉथमध्ये नेणं म्हणजे फिरवणं.

तिकडं भरणा आणि फिरवणं ही दोन स्वतंत्र कामं आहेत. आयआरएमध्ये २०२५ सालाचा भरणा, म्हणजे ५० च्या आतल्या माणसाला ७ हजार डॉलर, तो १५ एप्रिल २०२६ पर्यंत करता येतो, फक्त भरताना कुठल्या सालाचा आहे ते खातं असलेल्या कंपनीला स्पष्ट सांगायचं, नाहीतर चालू सालात धरतात. रिटर्नला मुदतवाढ घेतली तरी ही १५ एप्रिल पुढं जात नाही. रॉथमध्ये फिरवायला मात्र असली वाढीव मुदत नाही. ज्या कॅलेंडर वर्षात फिरवलं त्याच वर्षाच्या उत्पन्नात ते धरणार, ३१ डिसेंबरला दार बंद. त्यानं मार्च २०२६ मध्ये २०२५ चे सात हजार भरले आणि दुसऱ्या दिवशी फिरवले तर भरणा २०२५ च्या फॉर्म ८६०६ वर (रिटर्नसोबतचा आयआरएच्या हिशोबाचा फॉर्म) आणि फिरवणं २०२६ च्या फॉर्म ८६०६ वर येतं. बरीच पोरं इथं चुकतात, दोन्ही एकाच वर्षात दाखवतात किंवा फॉर्मच भरत नाहीत, आणि मग आधीच टॅक्स भरलेल्या पैशावर परत टॅक्स लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुमच्या पत्रात वाचल्या वाचल्या मला खटकलं ते म्हणजे ते ६३ हजार. मुलाला वाटत असेल आपण फक्त नवे सात हजार फिरवतोय, त्याचा टॅक्स आधीच भरलाय, तर आता काही लागणार नाही. तसं होत नाही. अमेरिकेचा टॅक्स विभाग त्याचे सगळे साधे आयआरए एकत्र धरतो, वेगवेगळ्या कंपन्यांत असले तरी. ६३ हजार टॅक्स न भरलेले, ७ हजार भरलेले, एकूण ७० हजार. म्हणजे भरलेल्यांचा वाटा दहा टक्के. तो सात हजार फिरवेल त्यातले फक्त ७०० टॅक्समुक्त, ६,३०० त्या वर्षीच्या उत्पन्नात. आणि हा वाटा फिरवलेल्या दिवशीच्या शिल्लकीवर काढत नाहीत, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरची शिल्लक बघतात.

त्यावर उपाय आहे. आत्ताच्या कंपनीचं ४०१-के खातं बाहेरून पैसे घेत असेल (सगळ्या घेत नाहीत, एचआरला विचारायचं) तर ते ६३ हजार आयआरएतून उचलून त्या ४०१-के मध्ये टाकायचे. ४०१-के मधली रक्कम या गणितात धरत नाहीत. ज्या वर्षी रॉथमध्ये फिरवणार त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरच्या आत साध्या आयआरएत टॅक्स न भरलेलं काही उरता कामा नये, एवढं केलं की सात हजार जवळजवळ बिनटॅक्स फिरतात. हे वळतं करताना पैसे एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडं थेट गेले पाहिजेत. चेक स्वतःच्या नावावर घेतला तर ६० दिवसांत परत जमा करायची अट लागते.

या डिसेंबरमध्ये हे सगळं उरकेल का? मला अवघड वाटतंय. नाताळच्या सुट्ट्या, दोन कंपन्यांची कागदपत्रं, सह्या. त्याला म्हणावं घाई करू नकोस. २०२५ चा भरणा एप्रिलपर्यंत निवांत कर, जानेवारीत ते ६३ हजार हलव, आणि मग २०२६ मध्येच फिरव. घाई न करायचं दुसरं कारण असं की २०१८ पासून फिरवलेलं परत उलटं करता येत नाही. त्याआधी येत होतं, आता नाही. बाजार पडला, टॅक्स परवडला नाही, काहीही झालं तरी ते कायम.

पुढं ६३ हजारही रॉथमध्ये फिरवायचं त्याच्या मनात आलं तर फिरवण्याला रकमेची मर्यादा नाही आणि उत्पन्नाची मर्यादा २०१० पासून काढून टाकलीय. पण ती सगळी रक्कम पगाराच्या वर उत्पन्न म्हणून बसेल. ऑस्टिन ज्या टेक्सास राज्यात आहे त्याला स्वतःचा इन्कम टॅक्स नाही, कॅलिफोर्नियाला आहे, तेव्हा हे काम कॅलिफोर्निया सोडल्यावर मनात आलं ते बरंच झालं. टॅक्सचे पैसे बाहेरच्या सेव्हिंगमधून भरायचे, फिरवलेल्या रकमेतून कापून घ्यायचे नाहीत, कारण साडेएकोणसाठ वर्षांच्या आतल्या माणसानं कापून दिलेला तो भाग खात्यातून काढल्यासारखा धरतात आणि त्यावर १० टक्के दंड लागतो. फिरवलेल्या टॅक्सपात्र रकमेलाही पाच वर्षांच्या आत हात लावला तर तोच १० टक्के दंड. ही पाच वर्षं मात्र त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून मोजतात, म्हणजे ३० डिसेंबरला फिरवलं तरी जवळजवळ एक वर्ष आयतं मिळतं. प्रत्येक वर्षीच्या फिरवण्याला वेगळी पाच वर्षं.

आणि सर, आता परत येण्याचं. इथं मी तुम्हाला जरा थांबवणार आहे. रॉथचा सगळा फायदा म्हणजे नंतर काढताना अमेरिकेत टॅक्स नाही. पण दोघं कायमचे भारतात आले आणि पूर्ण रहिवासी झाले की जगभरच्या उत्पन्नावर इथला टॅक्स. आपल्या कायद्यात कलम ८९-ए आहे, त्यात अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांतलं उत्पन्न दरवर्षी न धरता काढताना धरायची सोय आहे, त्यासाठी रिटर्नच्या मुदतीआधी फॉर्म १०-ईई भरायचा. पण ते कलम "तिकडं काढताना टॅक्स लागतो" अशा खात्यांसाठी लिहिलंय. ४०१-के आणि साधा आयआरए त्यात सरळ बसतात. रॉथला तिकडं काढताना टॅक्सच नसतो, त्यामुळं ते तसं सरळ बसत नाही. म्हणजे अमेरिकेत आज टॅक्स भरून रॉथ करायचं आणि उद्या इथं त्याच्या वाढीवर परत टॅक्सचा प्रश्न, असं होऊ शकतं.

परत आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बऱ्याच जणांना "रहिवासी पण सामान्य रहिवासी नाही" असा दर्जा मिळतो, मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असेल किंवा मागच्या सात वर्षांत भारतातले दिवस ७२९ पेक्षा जास्त नसतील तर. त्या काळात परदेशातल्या या उत्पन्नाला इथं टॅक्स लागत नाही. म्हणून मोठी रक्कम फिरवायची की नाही, आणि फिरवायची तर कुठल्या वर्षी, हे परतीची तारीख धरूनच ठरवावं लागतं. दोन्हीकडचे रिटर्न भरणारा सीए गाठा आणि त्याच्यापुढं परतीची तारीख ठेवूनच बोला. सात हजारांचं चालू द्या, ६३ हजार तोवर रॉथमध्ये फिरवू नका असंच मी माझ्या घरातल्या पोराला सांगेन.

साखर कारखान्यातून ५८ व्या वर्षी रिटायर झालो. ग्रॅच्युइटी आणि पीएफ मिळून १८ लाख ऑक्टोबरमध्ये खात्यावर आले. पोस्टात सीनियर सिटिझन बचत योजनेत ठेवायचे म्हटलं तर साठ झाल्यावर या म्हणाले.
– कराडजवळचे एक वाचक

काका, परत जा आणि ठामपणे सांगा. नियत वयोमानानं किंवा व्हीआरएस घेऊन निवृत्त झालेल्या माणसाला ५५ पूर्ण झाल्यावरही हे खातं उघडता येतं, अट एवढीच की निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत उघडायचं. आधी एकच महिना होता, नोव्हेंबर २०२३ पासून तीन केलेत. तुमचे पैसे ऑक्टोबरमध्ये आले म्हणजे जानेवारीतली तीच तारीख तुमची हद्द, ती ओलांडली की खरंच साठीपर्यंत थांबावं लागेल. जाताना कारखान्याचं निवृत्तीचं पत्र, ग्रॅच्युइटी आणि पीएफ किती मिळाला त्याचा कागद, आणि पैसे जमा झालेलं पासबुकाचं पान घेऊन जा. पोस्टात नाही जमलं तर बँकेतही हे खातं उघडतात.

साठीच्या आत निवृत्तीला मिळाले तेवढेच पैसे ठेवता येतात. एकूण मर्यादा ३० लाखांची आहे पण तुम्हाला १८ च. पूर्ण १८ ठेवू नका असं मी सांगेन. १५ ठेवले तर ८.२ टक्क्यांनी वर्षाला १,२३,००० म्हणजे दर तीन महिन्यांला ३०,७५० हातात, आणि तीन लाख दवाखान्यासाठी, अडीनडीला मोकळे. कारण वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याज परत कापून घेतात, वर्षानंतर दोन वर्षांच्या आत मोडलं तर दीड टक्का कपात, पुढं एक टक्का. काकूंचं नाव जोडीला घाला, त्यांच्या वयाची अट नाही. व्याज टॅक्सपात्र आहे आणि तुम्ही अजून साठीचे नाही, म्हणून टीडीएस नको असेल आणि टॅक्स बसतच नसेल तर फॉर्म १५-एच नाही, १५-जी द्यायचा.

शिरवळ एमआयडीसीत तीन वर्षं काम केलं, आता दुसऱ्या कंपनीत लागलोय. पीएफ काढून बाईक घ्यावी का?
– वय २६, शिरवळ

नको रे बाबा. सलग पाच वर्षांच्या आत काढलास तर ती रक्कम टॅक्सपात्र होते आणि ५० हजार किंवा जास्त असेल तर पॅन दिलेला असूनही १० टक्के टीडीएस कापतात. तेच पैसे जुन्या खात्यातून नव्यात वळते केलेस तर जुन्या कंपनीची तीन वर्षं पाच वर्षांच्या हिशोबात धरतात, म्हणजे अजून दोनच वर्षं. आणि तुझं लक्ष पगारातून कापलेल्या पैशांवर आहे, पण कंपनी पेन्शनच्या खात्यातही भरते. त्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, आत्ता काढून घेतलीस तर मोजणी परत शून्यापासून.

करायचं काय, तर नव्या कंपनीला जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्यायचा, नवा काढू द्यायचा नाही. मग पीएफच्या पोर्टलवर बघ जुन्या कंपनीनं तुझी सोडल्याची तारीख टाकलीय का. टाकली नसेल तर शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाले की तूच टाकू शकतोस. आणि ती तारीख नव्या कंपनीच्या रुजू तारखेच्या आधीची आहे ना हे नीट तपास, एका दिवसानं जरी दोन्ही नोकऱ्या एकमेकांवर आल्या तर विचारणा होऊ शकते.

एनपीएसमध्ये मार्चअखेर ५० हजार टाकून टॅक्स वाचवतो. यंदा नवीन रिजीम घेतलंय, चालेल ना?
– खाजगी नोकरदार, सातारा

इन्कम टॅक्सच्या नवीन रिजीममध्ये एनपीएसला, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, स्वतः टाकलेल्या त्या ५० हजारांना सवलत नाही. मालकाकडून जमा होणाऱ्या हिश्श्याला आहे, मूळ पगार अधिक डीएच्या १४ टक्क्यांपर्यंत. कंपनीशी बोलून पगाराची रचना बदलून घेता येते का बघा, आणि हे एप्रिलच्या पगाराआधी बोला, मार्चमध्ये एचआरच्या हातात काही उरत नाही. पेन्शनसाठी म्हणून टाकायचेच असतील तर जरूर टाका, पण मग मार्चची वाट बघायचं कारणच नाही, या महिन्यापासून थोडे थोडे सुरू करा.